गाडी सुरू न होण्याची परीक्षा

एप्रिलच्या अखेरीस दुपारी दोनच्या सुमारास, नळदुर्गात उन्हात उभ्या केलेल्या मोटारीचे दार उघडणे हा शरीराला एक लहानसा दंडच असतो. आतून झळ अंगावर येते, स्टिअरिंगला बोट लावता येत नाही, सीटबेल्टची धातूची कडी हाताला चटका देते, आणि कडेवर तान्हे मूल घेतलेली बाई दार उघडे टाकून किती तरी वेळ बाहेरच उभी राहते. अशा वेळी ओसरीवर बसल्या बसल्या बटन दाबावे, गाडीने आपण होऊन सुरू व्हावे, दहा मिनिटे तिचा एसी चालावा, आणि मग निवलेल्या गाडीत मुलाबाळांसह जाऊन बसावे, ही इच्छा चैनीची म्हणून हिणवण्याजोगी आहे असे मला वाटत नाही. ज्या थंड देशांत ही सोय प्रथम रुळली तेथे तिचा उपयोग काचेवरचे बर्फ वितळवण्यासाठी होता. अमेरिकेतील जनरल मोटर्स कंपनीने २००४ च्या शेव्हर्ले मालिबू मोटारीत ती कारखान्यातूनच बसवून देण्यास आरंभ केला. आपल्याकडे २०१९ पासून ह्युंदाई, एमजी, किआ यांसारख्या कंपन्यांच्या मोटारींतून ती दिसू लागली, आणि ज्यांच्याकडे जुनी गाडी आहे त्यांनी बाजारात मिळणारे निराळे यंत्र आणून मिस्त्रीकडून ते बसवून घेण्याचा मार्ग धरला.

अशाच एका गाडीवर यंत्र बसवण्याचे काम नळदुर्गाजवळ, सोलापूर-हैदराबाद महामार्गालगतच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये चालले असताना मला अखेरपर्यंत पाहावयास मिळाले. गाडीचे मालक अणदूरकडचे एक प्रौढ शेतकरी होते. त्यांच्या बोअरची मोटर गेली काही वर्षे मोबाइलवरून चालू-बंद होत असल्याने, वीज रात्री दोनला आली तरी काळोखातून, विंचू-सापाच्या भयातून शेतापर्यंत जाण्याची त्यांची यातायात संपली होती. “मोटर घरबसल्या चालू होती, मग गाडी का होऊ नये?” हा त्यांचा प्रश्न सरळ होता. मिस्त्री तिशीच्या आतला, कमी बोलणारा; त्याने हातातली पक्कड खाली न ठेवताच उत्तर दिले, “होती की, काका. पण आधी ती चालू होत न्हाई हे बघू, मग चालू होती ते बघू.”

हे वाक्य मला त्या दिवशी ऐकलेल्या सगळ्या बोलण्यात सर्वांत मोलाचे वाटले, आणि या लेखात मला जे सांगावयाचे आहे ते त्यातच आले आहे. दुरून सुरू होणाऱ्या यंत्राचा खरा गुण त्याच्या सुरू होण्यात नसतो. नको त्या वेळी त्याने ठामपणे नकार द्यावा, यातच त्याची सारी विश्वासार्हता साठवलेली असते. शेतकऱ्याला हे नवीन नाही. विहिरीवरच्या स्टार्टरच्या पेटीत तीनपैकी एक फेज गेली की मोटर चालू होऊ न देणारे उपकरण असते, ते बिघडले की मोटर जळते. आणि वीज येताच कोणालाही न विचारता मोटर चालू करणारा ‘ऑटो स्विच’ काढून टाका, अशी विनवणी महावितरणला पुनःपुन्हा करावी लागते, कारण वीज येण्याच्या त्याच क्षणी शिवारातल्या सगळ्या मोटरी एकदम भार घेतात आणि रोहित्र जळून सारे गाव अंधारात बसते. बोअरची मोटर मात्र जागची हलत नाही. मोटारगाडीला चाके आहेत, आणि सारा फरक येथून सुरू होतो.

यंत्र सुरू करणारा माणूस यंत्रापासून कसकसा दूर होत गेला याचा इतिहास येथे थोडा पाहण्यासारखा आहे. पहिल्या मोटारी पुढे उभे राहून हँडल मारून सुरू कराव्या लागत. हँडल उलटे फिरले की मनगट मोडे, आणि गाडी गिअरमध्ये राहिली असेल तर ती हँडल मारणाऱ्याच्याच अंगावर येई, म्हणून हँडलला हात लावण्यापूर्वी गिअर न्यूट्रल आहे याची खातरजमा करणे हा त्या काळच्या चालकाचा पहिला धडा होता. चार्ल्स केटरिंग या अमेरिकन अभियंत्याने सिद्ध केलेला विजेचा सेल्फ-स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीत आला, आणि माणूस गाडीच्या पुढून उठून गाडीच्या आत, आसनावर जाऊन बसला. तेव्हापासून चावी फिरवणारा माणूस आत असतो, त्याचा पाय क्लचवर असतो, डोळे समोर असतात, आणि चुकून गाडीने उडी घेतलीच तर तोच पाय क्षणार्धात ब्रेकवर जातो, या गृहीतावर मोटारीची घडण झाली. दुरून सुरू करण्याच्या यंत्राने तो माणूस आसनावरून उठवून घराच्या ओसरीवर नेऊन बसवला. त्याच्या पायाने, डोळ्याने आणि कानाने जे काम आजवर बिनबोभाट होत होते, त्या प्रत्येकासाठी आता एकेका वायरीची आणि एकेका स्विचची तजवीज करावी लागते.

आपल्याकडील बहुसंख्य गाड्या हाताने गिअर बदलण्याच्या आहेत, आणि धोक्याचे मूळ तेथे आहे. चढावर किंवा उतारावर गाडी उभी करताना ती पहिल्या गिअरमध्ये टाकून ठेवावी, ही वडीलधाऱ्या चालकांची शिकवण योग्यच होती, आणि बोरी नदीच्या पात्राकडे रस्ते उतरत जाणाऱ्या नळदुर्गासारख्या गावात तर ती सवय हाडीमासी खिळलेली आहे. पण तीच चांगली सवय या नव्या यंत्राशी गाठ पडताच घातक ठरते. रेल्वेच्या फाटकात गाडी बंद पडली तर पहिल्या गिअरमध्ये टाकून नुसता सेल मारीत ती पुढे सरकवता येते, हे जुन्या चालकांना ठाऊक आहे. म्हणजे इंजिन न पकडताही केवळ स्टार्टरच्या जोरावर अख्खी गाडी हलते. इंजिनाने पकड घेतल्यावर तर विचारावयासच नको. लहान मोटारीचे इंजिन मिनिटाला सुमारे ८०० फेरे असे संथ चालत असले तरी पहिल्या गिअरमध्ये ती ताशी पाच-सहा किलोमीटर, म्हणजे माणूस झपझप चालतो त्या वेगाने, पुढे जाऊ लागते, आणि दहा सेकंदांत पंधरा-सोळा मीटर जाते. अंगणात सावलीला बसलेली शेळी, गाडीआड लपलेले पोर, दारात तांदूळ निवडीत बसलेली आजी, यांच्यासाठी पंधरा मीटर पुष्कळ होतात. शिवाय, क्लच दाबल्यावाचून सेल लागू नये असा बंदोबस्त अनेक नव्या गाड्यांत कारखान्यानेच केलेला असतो. क्लचवर पाय ठेवावयास आत कोणीच नसताना गाडी सुरू व्हावयाची तर हा बंदोबस्त वायरीने चुकवावा लागतो. उत्पादकाने घातलेले एक कुलूप मिस्त्री स्वतःच्या हाताने काढीत असतो, आणि म्हणूनच त्याच्या जागी दुसरे, तितकेच भक्कम कुलूप घातले आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारीही त्याचीच असते.

हाताच्या गिअरच्या गाडीसाठी यंत्र बनवणाऱ्यांनी यावर एक युक्ती काढली आहे, तिला या धंद्यात ‘रिझर्व्हेशन’ म्हणतात. चालकाने गाडी उभी करताना इंजिन चालू असतानाच गिअर न्यूट्रल करावयाचा, हँडब्रेक ओढावयाचा, चावी काढावयाची, खाली उतरून दार लावावयाचे, आणि मग रिमोटने इंजिन बंद करावयाचे. माणूस उतरल्यावरही इंजिन बंद पडले नाही, त्या अर्थी गाडी न्यूट्रलमध्ये आहे, असा निष्कर्ष यंत्र काढते आणि पुढच्या खेपेस दुरून सुरू होण्यास राजी होते. मध्यंतरी एखादे दार उघडले गेले तर कोणी आत जाऊन गिअर बदलला असेल असे धरून ती संमती रद्द होते. युक्ती चांगली आहे, पण तिला एक भोक आहे. काच उघडी असेल तर दार न उघडता हात आत घालून गिअरचा दांडा हलवता येतो. ते भोक बुजवण्यासाठी दांड्याच्या बुडाशी चुंबकाचा एक लहान स्विच बसवतात. दांडा न्यूट्रलच्या जागेवरून हलला की त्याने यंत्राला मनाई करावयाची.

त्या शेडमध्ये परीक्षा सुरू झाली ती नेमकी येथून. गाडी सपाट, मोकळ्या जागी आणली, पुढे-मागे कोणी थांबू नये असे सांगितले, हँडब्रेक घट्ट ओढला, आणि चारही चाकांना पुढून व मागून लाकडी ठोकळे लावले. गाडी रिझर्व्हेशनमध्ये टाकून मिस्त्री उतरला, दार लावले, उघड्या काचेतून हात आत घालून दांडा पहिल्या गिअरमध्ये ढकलला, मग बाजूला सरकून रिमोटचे बटन दाबले. यंत्राने नकार द्यावयास हवा होता. तो त्याने दिला नाही. सेलचा आवाज झाला, गाडीने एक झटका खाल्ला, पुढचे चाक ठोकळ्यावर चढू पाहून पुन्हा खाली बसले, आणि इंजिन गचकून बंद पडले. सगळे मिळून दीड-दोन सेकंदांचा हा प्रकार. पण मालकांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरलेला मी पाहिला, आणि त्यांच्या मनात त्या क्षणी घरचे अंगण उभे राहिले असावे याविषयी मला शंका नाही. तपासाअंती आढळले ते इतकेच, की दांड्याखालच्या स्विचची पट्टी स्क्रू आवळताना सुताभर सरकली होती, त्यामुळे पहिला गिअर त्याला न्यूट्रलच भासत होता. सुताभर सरकलेली ती पट्टी डोळ्यांनी पाहून कोणालाही कळली नसती. ती पुन्हा बसवल्यावर मिस्त्रीने पहिल्यापासून पाचव्यापर्यंत आणि रिव्हर्स अशा सहाही गिअरांत, प्रत्येकी दोनदा, तोच प्रयोग केला. बाराही वेळा यंत्राने नुसते पार्किंगचे दिवे लुकलुकवून नकार कळवला.

या परीक्षेत एक बारकावा होता. मी सुचवले, की तू आत बसून ब्रेकवर पाय ठेवूनच का पाहत नाहीस, म्हणजे गाडी उडी मारणार नाही. त्यावर तो म्हणाला, की ब्रेक दाबला की यंत्र बंद पडते, ती वायर वेगळी आहे; पाय ब्रेकवर असताना गाडी सुरू झाली नाही तर ती गिअरमुळे झाली नाही की ब्रेकमुळे, हे कळणार कसे? प्रत्येक कुलपाची परीक्षा इतर कुलपे उघडी ठेवून, एकेकट्याने घेतली तरच ती परीक्षा. हा विवेक मोठमोठ्या प्रयोगशाळांतही सहज सापडत नाही.

पुढच्या परीक्षा त्याच रीतीने झाल्या आणि त्यांत अडचण आली नाही. रिमोटने इंजिन चालू असताना ब्रेकला नुसता पाय लावला, इंजिन बंद पडले. पुन्हा सुरू करून हँडब्रेक सोडला, बंद पडले. बोनेट उघडले, बंद पडले. आणि बोनेट उघडे असताना बटन दाबले तर ते सुरूच झाले नाही. या बोनेटच्या स्विचला कोणी क्षुल्लक समजू नये, कारण पट्ट्यावर आणि पंख्याजवळ हात घालून काम करीत असलेल्या दुसऱ्या एखाद्या मिस्त्रीची बोटे, घरून कोणी पोराने खेळता खेळता बटन दाबले तरी, याच स्विचमुळे वाचणार असतात. म्हणून बोनेटच्या आत ‘ही गाडी आपोआप सुरू होते’ अशी ठळक पट्टी चिकटवावी, आणि गाडी कोणत्याही दुरुस्तीला देताना सारे यंत्र बंद करणारा डॅशबोर्डखालचा खटका आधी बंद करावा. तो खटकाही तपासून घ्यावा. इंजिनाच्या फेऱ्यांची खबर यंत्राला देणारी वायर नीट लागली नसेल तर इंजिन पकडल्यानंतरही सेल फिरत राहतो, दाते घासल्याचा कर्कश आवाज येतो आणि स्टार्टर जळतो. म्हणून इंजिन गार असताना एकदा आणि तापल्यावर एकदा, असे दोन्ही वेळा कान देऊन ऐकावे. डिझेलच्या गाडीत हीटरची खूण विझेपर्यंत यंत्र थांबते की नाही हेही पाहावे. आणि शेवटी, घड्याळ लावून स्वस्थ बसावे: दहा मिनिटांचा हुकूम दिला असेल तर दहा मिनिटांनी इंजिन आपोआप बंद व्हावयासच हवे.

वायरिंगच्या कामाविषयी थोडेच सांगतो. स्टिअरिंगखालच्या पिवळ्या रंगाच्या जोडण्या एअरबॅगच्या असतात, त्यांना हात लावू नये. वायर ओळखण्यासाठी जुना दिव्याचा टेस्टर न वापरता मल्टीमीटर वापरावा, कारण त्या दिव्याने ओढलेला प्रवाह नाजूक संगणकाला आणि एअरबॅगला धोक्याचा ठरतो. आणि एकही वायर पेडलांच्या आसपास लोंबती राहू नये. चावीतील चिप ओळखल्याशिवाय इंजिन सुरू न होऊ देणारी यंत्रणा चुकवण्यासाठी काही ठिकाणी दुसरी चावीच डॅशबोर्डमागे कायमची दडवून ठेवतात. हे मला मुळीच पसंत नाही. चोराला आयती चावी गाडीतच मिळते, आणि गाडी चोरीस गेल्यावर विमा कंपनी दोन्ही चाव्या मागते तेव्हा मालकाजवळ दाखवावयास एकच उरते.

आणखी एक परीक्षा मिस्त्रीच्या शेडमध्ये होऊ शकत नाही, ती घरी करावी लागते. गावात रात्री गाडी शटरच्या गाळ्यात किंवा घराखालच्या बंद खोलीत लावण्याची चाल वाढली आहे. इंजिनाच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट जडतो. माणसाला गुदमरल्याची जाणीव होण्याआधीच तो बेशुद्ध पडतो. चावीविना बटनाने चालणाऱ्या गाड्या गॅरेजमध्ये चुकून चालू राहिल्याने अमेरिकेत २००६ पासून दोन डझनांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडल्याची हकीकत ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने २०१८ साली छापली होती. जी गाडी बंद जागेत उभी राहते तिला हे यंत्र बसवूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि रिमोटचा पल्ला कितीही लांबचा असला तरी गाडी डोळ्यांना दिसत नसेल तेथून बटन दाबू नये.

कायद्यानेही याबाबत मौन पाळलेले नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२६ नुसार सार्वजनिक जागी गाडी उभी ठेवावयाची तर परवानाधारक माणूस चालकाच्या आसनावर असला पाहिजे, किंवा इंजिन बंद करून ब्रेक लावलेला असला पाहिजे, अथवा चालकाच्या गैरहजेरीत गाडी अकस्मात हलणार नाही अशी तजवीज केलेली असली पाहिजे. घरासमोरचा रस्ता ही सार्वजनिक जागाच होय. याच अधिनियमाचे कलम ५२ गाडीत केलेल्या फेरफारांविषयीचे आहे, तेव्हा यंत्र घेण्यापूर्वी परिवहन कचेरीत आणि गाडीच्या कंपनीकडे, हमी कायम राहते की नाही यासह, चौकशी करणे शहाणपणाचे. कारखान्यातून येणाऱ्या गाडीच्या प्रत्येक नमुन्यामागे पुण्यात १९६६ साली स्थापन झालेल्या एआरएआयसारख्या संस्थांची तपासणी आणि दाखला उभा असतो. पत्र्याच्या शेडमध्ये बसवलेल्या यंत्रामागे मात्र त्या एका मिस्त्रीखेरीज दुसरा कोणी परीक्षक नसतो.

काम आटोपल्यावर मी नळदुर्गाच्या किल्ल्यात गेलो. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या अमदानीत, १६१३ साली, बोरीच्या पात्रात बांधलेल्या त्या धरणाच्या भिंतीत पाणीमहाल आहे, आणि नर व मादी या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या दोन वाटांनी पुराचे जास्तीचे पाणी बाहेर पडते. वरून पाणी कोसळत असतानाही आतला माणूस कोरडा राहतो. उन्हाळ्यामुळे पात्र आटले होते आणि दगड तापले होते. पाणी अडवण्याआधी, न अडणाऱ्या पाण्याचे काय करावयाचे याचा विचार ज्या बांधकाऱ्यांनी केला त्यांची भिंत चारशे वर्षे उभी आहे, आणि तिच्यापासून हाकेच्या अंतरावर एक तरुण मिस्त्री दुपारभर गाडी सुरू होऊ नये यासाठी खपला होता.

परत आलो तेव्हा मालक पैसे देत होते. मिस्त्रीने ते हातात घेतले नाहीत. रिमोट त्यांच्याच हाती देऊन, गाडी त्यांनाच गिअरमध्ये टाकावयास लावून, नकार त्यांच्या डोळ्यांना दाखवला, आणि मगच पैसे मोजून घेतले. आपण हे यंत्र बसवून घेणार असाल तर आपल्या मिस्त्रीलाही हेच सांगावे: चाकांना ठोकळे लाव, गिअर टाक, आणि माझ्यासमोर बटन दाब. तो नाही म्हणाला, तर गाडी तशीच घरी न्यावी.